प्रस्तावना: तीव्र एंडोमेट्रिओसिस, जर्मनीतील उपचार आणि विम्याची निवड

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजून वाढू लागली की त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. ओटीपोटाचे आतले आवरण, अंडाशय, गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंध, मलाशय, मूत्राशय अशा ठिकाणी ही ऊती बसते, पाळीच्या चक्राबरोबर सुजते, आणि कालांतराने तिच्याभोवती व्रण तयार होऊन शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला हा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातील ही संख्या सुमारे १९ कोटी आहे. यांतल्या पुष्कळ जणींचा आजार गोळ्यांवर वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. तीव्र एंडोमेट्रिओसिसची गोष्ट निराळी. त्यात ही ऊती आवरणाखाली खोल शिरून आतड्याच्या भिंतीत, मूत्रवाहिनीभोवती किंवा योनी आणि मलाशय यांच्यामधल्या पडद्यात पसरते. पाळीत शौचाला बसताना सुरी फिरवल्यासारख्या वेदना होतात, संबंध असह्य होतात, अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट’ गाठी होतात आणि दिवस राहत नाहीत. मूत्रवाहिनी दाबली गेली तर वेदनेची चाहूलही न लागता एखादे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणून खोल आजाराचा संशय आला की मूत्रपिंडांची सोनोग्राफी चुकवू नये, हा नियम मोठा आहे.

या आजाराच्या अभ्यासात जर्मन भाषिक वैद्यकाचा वाटा मोठा आहे. व्हिएन्नाच्या कार्ल फोन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा ऊतीचे वर्णन केले. बर्लिनचे विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर यांनी पोटाच्या आवरणाच्या पेशीच रूप बदलतात अशी उपपत्ती मांडली. ज्यू वंशाच्या मायर यांना १९३९ मध्ये देश सोडून अमेरिकेत जावे लागले. पाळीचे रक्त नळ्यांतून उलटे पोटात जाते ही आज अधिक प्रचलित असलेली उपपत्ती अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आजचे रूप देण्यात कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम आघाडीवर होते. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा शल्यचिकित्सकांच्या वर्तुळातून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. या आजारावर जगभर दिले जाणारे डायनोजेस्ट हे औषधही पूर्व जर्मनीतल्या येना शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले.

इतके असूनही निदानाला लागणारा वेळ लाजिरवाणा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी १०.४ वर्षे गेल्याचे आढळले. ‘पाळीत दुखायचेच’ हे वाक्य केवळ मराठी घरांतच ऐकू येते असे समजण्याचे कारण नाही.

सार्वजनिक की खासगी हा प्रश्न रुग्णापुढे उभा राहतो तो बहुधा निदान झाल्यावर, शस्त्रक्रियेचा विषय निघाल्यावर. पुण्या-मुंबईत हा विचार करताना ससून की खासगी इस्पितळ, केईएम की उपनगरातले नर्सिंग होम, अशा दोन वेगळ्या इमारती आणि दोन वेगळ्या रांगा डोळ्यांपुढे येतात. जर्मनीत इमारत बहुधा एकच असते. तिथे वेगळे असते ते विम्याचे कार्ड. बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. त्यातून वाढलेल्या सार्वजनिक विम्यात आज सुमारे ९० टक्के लोक आहेत. तो सरकारी खात्याकडून चालवला जात नाही. टेक्निकर, बार्मर, एओके अशा स्वायत्त ‘क्रांकेनकासे’ तो चालवतात आणि त्यांनी काय द्यायचे हे कायदा ठरवतो. उरलेल्यांपैकी बहुतेक जण खासगी विम्यात आहेत. त्यांत जास्त पगारदार, स्वतंत्र व्यावसायिक आणि सरकारी अधिकारी येतात.

इस्पितळांची मालकी हा तिसराच प्रकार. विद्यापीठांची इस्पितळे राज्यांची असतात, काही नगरपालिकांची, काही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट संस्थांची, आणि हेलिओस, आस्क्लेपिओस यांसारख्या कंपन्यांचीही. राज्याच्या आराखड्यात असलेल्या इस्पितळात, मग ते कंपनीचे का असेना, सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला दाखल करून घेतले जाते. त्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळाला मिळणारी मूळ रक्कमही निदान आणि प्रक्रियेच्या गटानुसार ठरते आणि दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी ती तीच असते. सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात ते दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आराखड्याबाहेरची निव्वळ खासगी क्लिनिके थोडी आहेत. तिथे जाण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी होकार घेतलेला बरा, कारण तिथला खर्च सार्वजनिक विमा देत नाही आणि खासगी करारातही तो नेहमी बसतोच असे नाही.

मग तीव्र आजारात निर्णायक काय? शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचा सराव. मलाशयाला चिकटलेली गाठ वरवर खरवडून काढायची, आतड्याच्या भिंतीचा गोल तुकडा कापायचा, की आतड्याचा सबंध भागच काढून टोके जोडायची, हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाने एकट्याने घेण्याचा नव्हे. त्याच्या शेजारी पोटाच्या शस्त्रक्रियांचा शल्यविशारद लागतो आणि मूत्रवाहिनी गुंतली असेल तर मूत्ररोगतज्ज्ञही. जोड सुटणे, आतडे आणि योनी यांच्यात छिद्र पडणे, लघवीची जाणीव नियंत्रित करणाऱ्या नसांना इजा होणे हे धोके खरे आहेत. काही रुग्णांना काही आठवडे पोटावर तात्पुरते शौचद्वारही ठेवावे लागते. अर्धवट झालेली पहिली शस्त्रक्रिया दुसरीला अवघड करते. अंडाशयावर पुन्हापुन्हा चाकू लागला तर स्त्रीबीजांचा साठा घटतो. त्यामुळे घराजवळच्या चांगल्या, पण अशा शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या विभागापेक्षा तीनशे किलोमीटरवरचे सराव असलेले केंद्र अधिक योग्य ठरते, मग कार्ड कोणतेही असो.

असे केंद्र ओळखण्याची सोय जर्मनीत आहे. एंडोमेट्रिओसिस संशोधन प्रतिष्ठान, युरोपीय एंडोमेट्रिओसिस लीग आणि रुग्णांची संघटना यांनी मिळून प्रमाणपत्राची पद्धत रूढ केली. तीनुसार दवाखाने, उपचारकेंद्रे आणि संशोधन करणारी उपचारकेंद्रे अशा पायऱ्या आहेत. बर्लिनचे शारिटे, ट्युबिंगेन आणि एर्लांगेन यांची विद्यापीठ रुग्णालये ही त्यांतली नावाजलेली नावे. ही तिन्ही सार्वजनिक आहेत, हे ‘खासगी म्हणजे उत्तम’ असे समजणाऱ्याने लक्षात ठेवावे. प्रमाणपत्राखेरीज आणखी एक कसोटी वाचकाच्या हाती आहे. जर्मन इस्पितळांना गुणवत्तेचे अहवाल जाहीर करावे लागतात. त्यांत निदानांच्या संकेतांकानुसार रुग्णसंख्या दिलेली असते. एंडोमेट्रिओसिसचा संकेतांक एन-८०, त्यातला एन-८०.४ योनी-मलाशयामधल्या पडद्याचा आणि एन-८०.५ आतड्याचा. शेवटच्या दोन ओळींतले आकडे पाहिले की विभागाचा खरा सराव कळतो. रुग्णांच्या संघटनेचे, म्हणजे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या एंडोमेट्रिओसे-फेराइनिगुंगचे, कार्यालय लाइपझिगमध्ये आहे आणि तिथून रुग्णांना सल्ला मिळतो.

खासगी विम्याचा फायदा कुठे दिसतो, हे आता नेमके सांगता येते. पहिला फायदा वेळेचा. केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला स्त्रीरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन जावे लागते आणि तारखेसाठी अनेकदा महिनोन् महिने थांबावे लागते. खासगी रुग्णासाठी विभागप्रमुखाची वेगळी वेळ असते आणि ती लवकर मिळते. ११६११७ या क्रमांकावरची सेवा सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला तज्ज्ञाची भेट चार आठवड्यांच्या आत मिळवून देण्यास बांधील आहे, पण डॉक्टर निवडण्याची मुभा देत नाही. तीव्र एंडोमेट्रिओसिसमध्ये ‘कोणीही तज्ज्ञ’ पुरत नसल्याने ही सेवा पहिल्या तपासणीपुरतीच कामाची.

दुसरा फायदा विभागप्रमुखाने स्वतः शस्त्रक्रिया करण्याचा आणि एकट्याच्या खोलीचा. त्यासाठी दाखल होताना वेगळा लेखी करार करावा लागतो. हा करार फक्त एका डॉक्टरापुरता राहत नाही. भूलतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ अशा वेगळे बिल लावण्याचा हक्क असलेल्या साऱ्यांना तो लागू होतो आणि प्रत्येकाचे बिल स्वतंत्र येते. खासगी बिलांचा दरतक्ता सरकारी असून १९८२ पासून चालत आला आहे. मूळ दराच्या २.३ पटीपर्यंत नेहमीचे बिल, ३.५ पटीपर्यंत कारण देऊन, आणि त्याहून जास्त असेल तर आधी स्वतंत्र करार करून. रुग्णाच्या विम्यात ३.५ पटीपर्यंतच भरपाई असेल, तर वरचा फरक त्याच्या माथी बसतो. शिवाय विभागप्रमुख हा त्या विभागातला सर्वांत कुशल हात असेलच असे नाही. प्रमाणित केंद्रात अवघड शस्त्रक्रियेला मुरलेलाच शल्यविशारद उभा राहतो, कारण त्यात केंद्राचेही हित असते. सार्वजनिक विम्याच्या रुग्णाला त्याची मागणी करता येत नाही, इतकाच फरक. या फायद्याची किंमत लोक अंमळ जास्तच लावतात.

तिसरा फायदा मात्र भक्कम आहे आणि त्याची चर्चा कमी होते. मूल होण्यासाठी आयव्हीएफ करावे लागले तर सार्वजनिक विमा फक्त विवाहित जोडप्याला, पत्नी २५ ते ४० आणि पती २५ ते ५० वर्षांचा असताना, तीन प्रयत्नांपर्यंत निम्मा खर्च देतो. काही कासे आणि काही राज्ये त्यात भर घालतात. खासगी विम्यात कारण ज्याच्या शरीरात त्याच्या विम्याने खर्च करायचा, असे तत्त्व न्यायालयांनी रुळवले आहे. पत्नीचा खासगी विमा आजारापूर्वी घेतलेला असेल आणि करारात अपवाद नसेल, तर तिच्या एंडोमेट्रिओसिसमुळे लागणाऱ्या उपचारांचा बहुतेक खर्च तो उचलतो.

‘आजारापूर्वी’ या शब्दावर सगळे अडते. खासगी विमा घेताना आरोग्याविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्यांची खरी उत्तरे देणे कायद्याने बंधनकारक आहे. निदान झालेल्या स्त्रीला जास्त हप्ता, त्या आजाराचा अपवाद किंवा सरळ नकार यांतले काहीतरी मिळते. भारतातली जुनी सोनोग्राफी किंवा तिथे झालेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया लपवली, तर पुढे कंपनी करार मोडू शकते आणि दिलेले पैसे परत मागू शकते. म्हणजे तीव्र आजार असलेल्या बहुतेक स्त्रियांपुढे खासगी विम्यात जाण्याचा पर्याय प्रत्यक्षात नसतोच. निवड असते ती आधीच, देशात पाऊल ठेवताना, आणि ती अनेकदा अर्धवट माहितीवर केली जाते.

श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रांकफुर्ट भागात नोकरीला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ठराविक वार्षिक मर्यादेपर्यंत (२०२५ मध्ये ती ७३,८०० युरो होती) पगार असलेला नोकरदार आपोआप सार्वजनिक विम्यात जातो. त्याहून जास्त पगार असलेल्याला खासगी विमा घेता येतो, आणि तरुण, निरोगी, एकट्या माणसाला त्याचा हप्ता कमी पडतो. सार्वजनिक विम्याचा हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेची जादा टक्केवारी, आणि यातला निम्मा भार मालकाचा. कागदावर खासगी स्वस्त दिसतो. पण पत्नी मागाहून आली, तिला नोकरी नसली आणि पोटात वर्षानुवर्षे दुखत असले, की हिशेब पालटतो. सार्वजनिक विम्यात जवळपास उत्पन्न नसलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचा विमा विनामूल्य असतो, जुन्या आजाराची चौकशी नसते आणि प्रतीक्षाकाळही नसतो. खासगी विम्यात प्रत्येकाचा वेगळा हप्ता आणि वेगळी तपासणी. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या जास्त पगारदारालाही तीन महिन्यांच्या आत स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात जाता येते. ही मुदत हुकू देऊ नये. पुढे परतायचे झाले तर पगार मर्यादेखाली यावा लागतो, आणि वयाच्या ५५ नंतर हे दार जवळजवळ बंदच होते.

विद्यार्थिनींचे आणखी वेगळे. तिशीच्या आत त्यांना स्वस्त सार्वजनिक विमा मिळतो. त्यातून सूट मागून खासगी विमा घेतला की शिक्षण संपेपर्यंत तो निर्णय बदलत नाही. परदेशी पाहुण्यांसाठीच्या अतिस्वस्त पॉलिसींत जुने आजार वगळलेले असतात. एंडोमेट्रिओसिस हा बहुधा जुनाच आजार ठरतो, कारण लक्षणे शाळेत असल्यापासूनची असतात.

सार्वजनिक विम्याच्या इतर जमेच्या बाजू शस्त्रक्रियेनंतर कळतात. नोकरदाराला पहिले सहा आठवडे मालक पगार देतो. त्यानंतर सार्वजनिक विमा ढोबळ पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम देतो. एकाच आजारासाठी, मालकाच्या पगाराचे आठवडे धरून, तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत ही मर्यादा आहे. खासगी विम्यात यासाठी वेगळी तरतूद आधीच घेतलेली असावी लागते. डायनोजेस्टसारखे या आजारासाठी मान्यता असलेले औषध ५ ते १० युरोंत मिळते. लक्षणे असताना केलेली योनीमार्गे सोनोग्राफी सार्वजनिक विम्यातच बसते. दवाखान्यात तिचे पैसे मागितले, तर ती कोणत्या कारणाने केली जात आहे हे विचारून घ्यावे. वेदना आणि दैनंदिन सवयी सांभाळायला शिकवणारे एंडो-अ‍ॅप डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात आणि सार्वजनिक विमा त्याचे पैसे देतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसन केंद्रातल्या मुक्कामाचा खर्च नोकरदारांच्या बाबतीत बहुधा निवृत्तिवेतन विमा उचलतो, मग आरोग्यविमा कोणताही असो. नोकरी न करणाऱ्या, खासगी विमा असलेल्या पत्नीला मात्र हा मुक्काम करारात आहे का, हे पाहावे लागते.

दोन टोकांच्या मधली वाटही आहे. सार्वजनिक विम्यात राहून इस्पितळातल्या खोलीसाठी आणि विभागप्रमुखासाठी पूरक विमा घेता येतो. मात्र तोही आरोग्याचे प्रश्न विचारतो, म्हणून निदानानंतर उपयोगी पडत नाही. अधिक व्यवहार्य मार्ग असा की केंद्रातल्या तज्ज्ञाची एक भेट स्वतःच्या पैशाने खासगी वेळेत घ्यायची, सोनोग्राफी आणि एमआरआयचा अर्थ लावून घ्यायचा, आणि शस्त्रक्रिया सार्वजनिक विम्यावर करायची. भेटीपूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मागावा. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत विनामूल्य घेण्याचा हक्क सार्वजनिक विम्यात कायद्यानेच दिलेला आहे. तो न बजावता गर्भाशय काढून घेणे हा उतावळेपणा होय, विशेषतः आजार आतड्यात असताना, कारण गर्भाशय काढल्याने आतड्यातली गाठ जात नाही.

‘पुण्याला जाऊन करून येऊ’ हा विचार जवळपास प्रत्येक मराठी घरात होतो. महाराष्ट्रात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत निष्णात हात आहेत, भाषा आपली आणि आई जवळ असते. पण आधीच ठरवून भारतात केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सार्वजनिक विमा एरवी देत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला, २०१७ पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार निवृत्तिवेतनाचा आहे, आरोग्याचा नव्हे. खासगी विमा परदेशातल्या उपचारांना अनेकदा मुभा देतो, पण मुदतीच्या अटींसह. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत आठ-दहा दिवसांनीही उद्भवते, त्यामुळे लगेच परतीचे विमान धरणे धोक्याचे. आणि नंतरची देखभाल जर्मनीतल्या अशा डॉक्टराकडे येते, ज्याने आत काय केले ते पाहिलेले नसते.

म्हणून शस्त्रक्रिया कुठेही होवो, कागद हाती असावेत. जर्मनीत रुग्णाला आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेचा अहवाल, काढलेल्या ऊतीचा अहवाल आणि शक्य तर चित्रे मागून घ्यावीत. अहवालात ‘एन्त्सियान’ वर्गीकरणाची नोंद आहे का ते पाहावे. जुन्या अमेरिकन पद्धतीतल्या चार पायऱ्यांतून खोल आजाराचे मोजमाप नीट होत नाही. जर्मन भाषिक तज्ज्ञांनी आखलेली आणि २०२१ मध्ये विस्तारलेली ही पद्धत कोणत्या अवयवात किती आजार आहे ते अक्षरांनी आणि आकड्यांनी सांगते. शस्त्रक्रियेपूर्वीचे धोक्यांविषयीचे संभाषण रुग्णाला समजेल अशा भाषेत होणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. जर्मन कच्चे असेल तर दुभाष्याची व्यवस्था आधीच ठरवावी, आणि शक्यतो तो नवरा नसावा. वेदना, संबंध आणि मूल यांविषयीचे प्रश्न त्याच्या तोंडून नीट विचारले जात नाहीत.

शेजारच्या अवयवांत पसरलेला, खूप त्रास देणारा किंवा वंध्यत्व आणणारा आजार जर्मन नियमांत तीव्र धरला जातो आणि त्याला ५० ते ६० दर्जाचे अपंगत्व मान्य होऊ शकते. ५० पासून नोकरदाराला वर्षाला आठवडाभराची जादा रजा आणि बडतर्फीविरुद्ध विशेष संरक्षण मिळते. अर्ज विनामूल्य असतो, जर्मनीत कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी स्त्रीलाही तो करता येतो, आणि विमा सार्वजनिक आहे की खासगी यावर त्याचा निकाल अवलंबून नसतो.